ढगातलं बाळ

लुक्का गावातल्या बायका माझ्या शेजघरात येतात, माझ्या चित्रापुढे उभ्या राहतात आणि पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटतात. कुणाला मूलच नाही, कुणाला पाठोपाठ मुलीच. मी दाराशी उभी राहून बघत असते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत असतो. एकीला एकदा दंडाला धरून बाहेर काढलं, तर माझा नवरा तिच्या घरी जाऊन माफी मागून आला आणि वर मलाच सुनावलं, की देवाने आपल्या घराला गुण दिलाय, तो वाटावा, असा हात आखडू नये. देवाने म्हणे! त्या चित्रात काय आहे आणि ते कशासाठी घातलं, हे मला विचारा. देवाचा त्यात काडीचा संबंध नाही.

मी मूळची फ्लोरेन्सची. नाव दियानोरा. माझा पहिला नवरा नेरी तापाने गेला तेव्हा आमचा बिंदो तीन वर्षांचा होता. नेरीला सांता क्रोचेच्या चर्चमध्ये पुरून माणसं घरी आली, अजून कुणी हातही धुतले नव्हते, आणि माझा थोरला भाऊ झानोबी दारात हजर. आमच्याकडे रीतच आहे तशी. विधवा तरुण असली की माहेरचे तिला त्याच दिवशी घेऊन जातात. म्हणजे हुंडा परत मिळतो, आणि तोच हुंडा देऊन तिला दुसरीकडे उजवता येतं. मूल बापाच्या घराण्याचं, ते तिथेच राहतं. आणि मग ज्या लोकांनी ही रीत घालून दिली तेच तोंड वर करून म्हणतात, काय काळजाची आई बघा, पोटचं पोर टाकून गेली! ओढून न्यायचं यांनी आणि नाव आमचं खराब. माझी सासू मोन्ना लापा तर हे वाक्य बाजारात उभी राहून म्हणायची.

झानोबीने माझ्यासाठी लुक्काचा एक रेशमाचा व्यापारी हेरून ठेवला होता. निकोलाओ. पन्नाशीचा, दोन बायका पुरलेला. त्याला सांगून टाकलं होतं की मुलगी लवकर विधवा झाली, मूल ना बाळ, अगदी कोरी करकरीत. निकोलाओने आधी माझं चित्र बघायला मागितलं.

"दादा, मला मुलगा आहे," मी म्हटलं.

"होता."

"मेलाय का तो?"

"त्यांच्याकडे आहे, तुझ्याकडे नाही. मग लुक्कापर्यंत ती गोष्ट कशाला न्यायची? उद्या पोरगा आईच्या हुंड्यात वाटा मागेल या भीतीने म्हातारा बिचकला तर?"

"बिचकू दे की!"

"दियानोरा, मी तुझ्या भल्याचं बघतोय."

माझं भलं बघणाऱ्या सगळ्यांचे डोळे तेव्हाच फुटले असते तर मी सुखी झाले असते.

चित्रासाठी नोफ्री चितारी घरी येऊ लागला. माझा काळा झगा उतरवून मला पांढरा चढवला. केस मोकळे सोडायला लावले, कुमारिकेचे असतात तसे. गळ्यात आईचे मोती, हातात कार्नेशनचं लाल फूल. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही हे वाचता येतं. मोती म्हणजे मुलगी शुद्ध, मोकळे केस म्हणजे अजून कुणाची झालेली नाही, कार्नेशन म्हणजे लग्नाला राजी. मी बसल्या जागी खोटं बोलत होते, तोंड न उघडता. नेरीची माती अजून वाळली नव्हती आणि मला नवरी करून खिडकीशी बसवलं होतं. बिंदोला भेटायचं नाव काढलं की झानोबी म्हणायचा, चित्र होऊ दे. चित्र झाल्यावर काय म्हणणार होता ते मला कळत होतं.

राखणीला भावजय बसायची. जेवण अंगावर आलं की तिला डुलकी लागायची. अशाच एका दुपारी मी नोफ्रीला विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत?"

"आहेत की, घरभर आहेत. हनुवटी जरा खाली घ्या."

"मग या चित्रात माझं मूल घाला."

त्याचा हात थांबला. त्याने आधी भावजयीकडे पाहिलं. ती घोरत होती. "बाई, काय काय घालायचं ते तुमच्या भावाने ठरवून दिलंय. त्यात मूल नाही. मला या गावात अजून राहायचंय."

"माझा भाऊ मोती बघेल, फूल बघेल. माझ्यामागे खिडकी आहे, खिडकीत आभाळ आहे. तो ढग बघणार आहे का?"

"ढग?" नोफ्री म्हणाला, आणि मी ओळखलं की मासा गळाला लागला. चितारी लोकांना ही खोड असतेच. भिंतीला ओल आली तरी त्यांना तिच्यात घोडे दिसतात. त्याने डोळे बारीक करून त्या कोऱ्या आभाळाकडे पाहिलं. "बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ होईल. आडवं. डोकं इकडे, कपाळ, इवलंसं नाक. बघणाऱ्याला दिसेल. न बघणाऱ्याला ढग."

"बाळंत्यात नको. माझा बिंदो चालतो. पळतोसुद्धा."

"ढगाला पाय काढले तर लोक हसतील, बाई. पाय आत आहेत असं समजा."

"आणि खिडकीच्या फळीवर पोवळं हवं. बिंदोच्या गळ्यातलं, लाल दोऱ्यातलं. दोऱ्याचं एक टोक चावून चावून त्याने पार कुंचला केलाय, तेही दिसलं पाहिजे."

"आई लोक!" नोफ्री म्हणाला, पण पोवळं काढलं. दोऱ्यासकट, चावलेल्या टोकासकट. संध्याकाळी झानोबीने ते पाहिलं. "हे कशाला?"

"दृष्ट लागू नये म्हणून, साहेब. शिवाय पांढऱ्याजवळ लाल उठून दिसतं."

"महागातलं दिसतंय," झानोबी म्हणाला. "राहू दे."

माझा बेत अगदी सरळ होता. आमच्या गावात लग्नाचं चित्र कुणी नुसतं बघत नाही, वकिलाने कागद तपासावा तसं तपासतात. बाळाचं पोवळं दिसलं की निकोलाओ बाळ शोधणार, आणि शोधलं की त्याला ते सापडणार. आपल्याला फसवलं म्हणून तो भडकणार, लग्न मोडणार. लुक्काची माणसं फ्लोरेन्सवाल्यांवर तशीही दात धरून असतात, तो चार ठिकाणी बोभाटा करणार, आणि मग मला मागणी घालायला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. असल्या विधवेला भाऊ तरी किती दिवस पोसेल? मला पुन्हा नेरीच्या घरी पाठवतील. हुंडा मिळतोय म्हटल्यावर सासूबाई दार उघडतील, आणि मला बिंदो मिळेल. बदनामी झाली तर झाली. अब्रू घेऊन काय चाटायची होती मला?

चित्र पुरं झालं तेव्हा निकोलाओ कामासाठी फ्लोरेन्सला आलाच होता, तो स्वतः घरी आला. जाडजूड माणूस, बोटं मात्र नाजूक, सतत काहीतरी चाचपणारी. माझ्याकडे त्याने मान हलवली आणि चित्र उचलून थेट उजेडात नेलं. झानोबी मागे उभा राहून मोती आणि फूल समजावून सांगत होता. निकोलाओ ऐकत नव्हता. त्याचा डोळा पोवळ्यावर गेला, दोऱ्याच्या टोकावर थांबला, मग खिडकीतून वर आभाळात गेला.

"हे बाळ आहे," तो म्हणाला.

"कुठे?" झानोबी पुढे झाला. "छे! ढग आहे तो."

"जन्म गेला माझा रेशमातली नक्षी वाचण्यात. मला ढग शिकवू नकोस." मग तो नोफ्रीकडे वळला. "काय रे, हे कुणी घालायला सांगितलं?"

नोफ्री आपले पैसे घ्यायला आला होता. त्याने टोपी हातात घेतली. "मी आपला हुकमाचा ताबेदार, साहेब. मला सांगतात ते मी काढतो," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघत बसला. भेकड मेला.

"मी सांगितलं," मी उठून उभी राहिले. "मला मुलगा आहे. बिंदो. तीन वर्षांचा. माझ्या भावाने तुमच्याशी खोटं बोलून हे लग्न ठरवलंय."

झानोबीचा चेहरा पडला. तो बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ते सुख मात्र फार टिकलं नाही.

"मुलगा?" निकोलाओ म्हणाला. "जिवंत आहे? धडधाकट?"

"आहे."

"बाळंतपण अडलं होतं?"

"नाही."

"दूध आलं होतं भरपूर?"

मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी अजून जिंकल्याच्या तोऱ्यात होते. मी हो म्हटलं. निकोलाओ हसायला लागला. पोट धरून हसला. झानोबीच्या पाठीवर त्याने थाप मारली.

"अरे गाढवा, हे लपवायचं असतं का? माझ्या दोन बायका कोऱ्याच आल्या आणि कोऱ्याच गेल्या. घरात पाळणा हलला नाही. तुझ्या कोऱ्या बहिणीचं मी काय लोणचं घालणार होतो? मी तर नाही म्हणायला आलो होतो. हिला मुलगा होतो, हे आधी सांगितलं असतंस तर वसंतातच लग्न उरकलं असतं!"

आईचं मूल तिच्यापासून तोडलंय, हे सांगायला मी पोवळं रंगवून घेतलं होतं. या माणसाने त्यात गाभण राहणारी गाय वाचली. बाजारात जनावराचे दात बघतात तसं त्याने माझं चित्र पाहिलं, आणि दात पक्के निघाले.

"मग त्यालाही घेऊन चला," मी म्हटलं. "मी मुकाट येते. माझा मुलगा द्या."

"तो नेरीचा. दुसऱ्याचं रोप मी माझ्या अंगणात का लावू? तुला दुसरा होईल की." मग त्या ढगावर त्याने नाजूक बोट ठेवलं. "आणि हे तर फारच छान झालं. हे शेजघरात लावू. तू रोज सकाळी उठलीस की याच्याकडे बघायचं. बाई ज्याच्याकडे बघते तसंच मूल होतं म्हणतात. आता हा माझा मुलगा."

नोफ्रीची खरवडायची पाती बाकावर पडली होती. मी ती उचलली आणि चित्रावर धावले. झानोबीने माझं मनगट पकडलं, पिरगळलं, पाती खाली पडली. नोफ्री हळूच म्हणाला, "रंग वाळलाय, बाई. आता निघायचा नाही." एवढंच बोलायला त्याला तोंड फुटलं.

लग्न झालं. मला लुक्काला आणलं, चित्रही आलं. निकोलाओ सकाळी उठून खरोखर विचारायचा, पाहिलंस का? मी नाही म्हटलं तर माझी हनुवटी धरून मान तिकडे वळवायचा. पहिल्याच वर्षी मुलगा झाला, पुढे आणखी एक. ती पोरं गुणाची आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना मी कधी त्या चित्राकडे बोट दाखवू दिलं नाही. पण गावात ओरड झाली, की निकोलाओच्या घरच्या चित्रात वंशाचा दिवा आधीच दिसला होता. लागल्या बायका यायला. ढगातलं बाळ म्हणजे निकोलाओचा थोरला, हे लुक्कात कुणालाही विचारा. मी एकदोनदा खरं सांगून पाहिलं. लोकांना खऱ्याशी काय करायचंय? बायका हं हं म्हणायच्या आणि पोटावर हात ठेवून पुन्हा वर बघायच्या.

बिंदोसाठी मी कपडे पाठवले, ते सासूबाईंनी दारातून परत केले. पुढे मोठे शिवून पाठवले, तेही परत आले. निकोलाओ मला फ्लोरेन्सला जाऊ देत नव्हता. शेवटी बिंदोची अंगकाठी किती वाढली असेल याचा अंदाजही मला येईना आणि मी शिवणं बंद केलं.

यंदा द्राक्षं काढायचे दिवस होते, निकोलाओ मळ्यावर गेला होता. मोलकरीण वर येऊन म्हणाली, "बाईसाहेब, एक तरुण आलाय चित्र बघायला. बायकोबियको नाही बरोबर. एकटाच आहे." मी चिडून खाली जायला निघाले तोवर तो जिना चढून आलाच. उंच, खांद्यात रुंद. नाक नेरीचं. भुवया आवळलेल्या, त्या कुणाच्या ते मला रोज आरशात दिसतं.

"मी बिंदो," तो म्हणाला. "नेरीचा मुलगा."

मी हात पुढे केले. तो एक पाऊल मागे सरला.

"गळ्यात पडायला आलेलो नाही मी. फ्लोरेन्सात लोक मला अडवून विचारतात, तुझ्या आईच्या चित्राने आमच्या सुनेला मुलगा होईल का रे? दात काढतात आणि विचारतात. म्हटलं, एकदा बघावं तरी. कुठे आहे ते?"

मी शेजघराचं दार उघडलं. तो चित्रापुढे उभा राहिला. मी बोलायला लागले तर त्याने हात वर करून मला थांबवलं.

"केस मोकळे. मोती. हातात लग्नाचं फूल," तो म्हणाला. "माझा बाप मरून किती दिवस झाले होते?"

"तू वर बघ. ढगात बघ."

"पाहिलं. तुमचा इथला थोरला. सगळं गाव सांगतंय."

"तो तू आहेस!"

"मी?" तो हसला, आणि ते हसणं मला चाबकासारखं लागलं. "तीन वर्षांचा होतो मी. हे बाळंत्यातलं आहे. खोटं बोलायचं तर जरा हिशोबाने बोला."

"पायांमुळे! त्या मेल्या चिताऱ्याला पाय काढता येईनात म्हणून! आणि ते पोवळं बघ, ते तुझं. तो दोरा तू चावला होतास."

"प्रत्येक पोराच्या गळ्यात पोवळं असतं. आणि प्रत्येक पोर दोरा चावतं."

खरंच होतं त्याचं. मला त्या चित्राचा इतका संताप आला की हाताशी चाकू असता तर मी या वेळी कुणालाही मला धरू दिलं नसतं. ज्याने वाचावं म्हणून ते काढून घेतलं त्याने त्याला हवं ते वाचलं, आणि ज्याचं ते होतं त्याला त्यात स्वतःचं नाक दिसत नव्हतं. मी चित्राला पाठ केली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की त्याला मान खाली घालावी लागली.

"खड्ड्यात गेलं चित्र," मी म्हटलं. "मला ओढून नेलं. तुझ्या मामाने. सोडून जायला मी काही धर्मशाळेत उतरले नव्हते, ते माझं घर होतं!"

"आजी सांगते, तुम्ही मागे वळून पाहिलंही नाही. आणि मी रडलोसुद्धा नाही. पोराच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, एवढीच तिची किंमत, असं म्हणते ती. जेवताना म्हणते, पाहुण्यांपुढे म्हणते. मी मोठा झालोय ते हेच ऐकत."

"टिपूस आलं नाही?" माझा आवाज इतका चढला की खालच्या मोलकरणी गप्प झाल्या. "तुला वरच्या मजल्यावर कोंडलं होतं. तू दार लाथाडून उघडलंस. पायऱ्यांवर पोट घासत खाली आलास, नाक फुटलं तुझं. माझा काळा झगा धरलास आणि असा किंचाळलास की प्रेताला आलेली माणसं रस्त्यात थांबली. झानोबी मला बाहेर ओढत होता, तुझी आजी तुला आत ओढत होती, आणि मध्ये माझा झगा फाटत होता. तू सोडत नव्हतास. मग त्या म्हातारीने तुझी बोटं सोडवली. एक सोडवलं की दुसरं पुन्हा धरायचास. तिने ती मागे मोडून धरली, ऐकतोयस? करंगळी तर अशी वाकवली की मला वाटलं तुटली. आणि म्हणे टिपूस आलं नाही!"

त्याचा उजवा हात वर आला, आणि तो आपल्या करंगळीकडे बघत राहिला. ती जरा बाहेरच्या बाजूला कललेली होती. मला ते माहीत नव्हतं. मला कसं माहीत असणार, मला बघू कुठे दिलं होतं?

"ती म्हणाली, घोड्यावरून पडलो," तो म्हणाला.

"तीन वर्षांचा? घोड्यावरून?"

बिंदो पलंगाच्या कडेवर बसला. मग त्याने आपल्या आजीला एक शिवी घातली. इतकी घाणेरडी की मी ती इथे सांगणार नाही, फ्लोरेन्सच्या कसाईआळीतही तशी ऐकू येत नाही. मागोमाग झानोबीला एक घातली, आणि मग दोघांना मिळून एक.

मी त्याला गप्प बस म्हटलं नाही. त्याच्या शेजारी बसले आणि ज्या शिव्या तो विसरला तेवढ्या मी पुऱ्या केल्या.